लग्नसराई तोंडावर आलीय : प्रोसेसर बदलू की हाही सीझन आहे त्यावरच काढू?

कृष्णाकाठ (४ ऑक्टोबर २०२५)

नमस्कार मंडळी. सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, प्री-वेडिंग, पडेल ते. शूटिंगला दोन पोरं येतात, पण एडिटिंग आणि अल्बम मी एकटाच करतो. मशीन २०१९ चं आहे : रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीची साटा एसएसडी आणि २ टीबीची हार्डडिस्क.

आता दुखणं. व्हिडिओ एडिटिंगच्या प्रीमियरमध्ये एका लग्नाची टाइमलाइन उघडी, मागे मीडिया एन्कोडरवर दुसऱ्या लग्नाचा रेंडर (म्हणजे तयार फिल्मची फाइल बनवणं), फोटोशॉपमध्ये तिसऱ्याचा अल्बम, शिवाय क्रोम आणि व्हॉट्सअ‍ॅप. शेजारच्या खुर्चीत नवरीचे वडील. ते म्हणतात, "हा फोटो जरा डावीकडे घ्या." मी माउस ओढतो आणि तीन सेकंदांनी फोटो डावीकडे जातो. परवा त्यांनीच मला विचारलं, चहा मागवू का म्हणून.

तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरला, त्यानंतर मला मान वर करायला सवड नाही. दुकानदार म्हणतो सगळं काढा. बोर्ड, रॅम, प्रोसेसर नवीन घ्या. आकडा साठ हजारांच्या वर जातोय. द्यायला हरकत नाही, पण इतके देऊनही फोटो तीन सेकंदांनीच सरकला तर? प्रोसेसर बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं?

---

टवाळ (४ ऑक्टोबर)

नवरीचे वडील बदला, स्वस्त पडेल.

---

घाईत_आहे (४ ऑक्टोबर)

रॅम किती आहे?

---

टवाळ (४ ऑक्टोबर)

@घाईत_आहे, धाग्यात लिहिलंय. नाव सार्थ केलंत.

---

सर्किटभाऊ (४ ऑक्टोबर)

दुकानदाराला पैसे द्यायच्या आधी मशीनला विचारा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स. रोजचं सगळं काम एकदम चालू असताना, फोटो अडकतो नेमका त्या क्षणी, तिथले आकडे कागदावर लिहा. मशीन मोकळं असताना बघून उपयोग नाही. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यासारखं होईल ते.

चार गोष्टी लिहा : सीपीयू, मेमरी (त्यात खाली "कमिटेड" असं असतं तेही), दोन्ही डिस्कचा अ‍ॅक्टिव टाइम आणि जीपीयू.

एक मेख सांगून ठेवतो. तुमच्या २६०० ला ६ कोअर (काम करणारे हात), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत. एखादं काम एकाच थ्रेडवर चालणारं असेल आणि तो थ्रेड पूर्ण पिळून निघत असेल, तरी टास्क मॅनेजर सीपीयू ८ टक्के दाखवतो, कारण शंभर भागिले बारा. लोक बघतात आणि म्हणतात प्रोसेसर तर रिकामा आहे. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा, म्हणजे बारा वेगवेगळे आलेख दिसतील. फोटोशॉपची बरीच कामं अशीच एकदोन कोअरवर चालतात. तिथे कोअर वाढवून काही मिळत नाही, एकेक कोअर चपळ हवा.

---

आजोबा४७९० (५ ऑक्टोबर)

माझा आय-सेव्हन ४७९० हा २०१४ चा. अकरा वर्षं झाली. त्यावर नातवाचं गाणं, सुनेचं टॅली आणि माझं यूट्यूब एकत्र चालतं. आजकाल जरा काही अडलं की नवीन घ्या. आम्ही बजाजची स्कूटर तिरकी करून चालू करायचो.

---

मुग्धा_के (५ ऑक्टोबर)

काका, मनापासून आदर आहे, पण टॅली आणि यूट्यूब म्हणजे मल्टिटास्किंग नव्हे. अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर, डॉकरमध्ये चार कंटेनर आणि वर टीम्सची मीटिंग असं एकदा चालवून बघा, स्कूटर आडवी होईल :)

शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ तारखेला संपतोय. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, तुमचा चौथ्या पिढीचा आहे. ऑनलाइन बँकिंग त्याच मशीनवर करत असाल तर जरा मनावर घ्या.

कृष्णाकाठ, तुमचा २६०० यादीत आहे. ती काळजी तुम्हाला नाही.

---

आजोबा४७९० (५ ऑक्टोबर)

बँकिंग मी बँकेत जाऊन करतो. तिथे पंखा असतो, चार माणसं भेटतात.

---

छापखाना (५ ऑक्टोबर)

धाग्यात शिरतोय म्हणून माफी. लातूरला डीटीपी आहे, सध्या दोन दिवाळी अंक अंगावर आहेत. माझा रायझन ५ १६००. कोरलड्रॉ, पेजमेकरच्या जुन्या फायली, श्रीलिपी. विंडोज ११ च्या तपासणीत माझा नापास झाला. मुग्धाताई, २६०० पास आणि १६०० नापास हे कसं? दोन्हींना कोअर तेवढेच आहेत.

---

मुग्धा_के (५ ऑक्टोबर)

@छापखाना, मायक्रोसॉफ्टच्या यादीत रायझन २००० मालिकेपासून पुढचे आहेत. १६०० पहिल्या पिढीतला, एक वर्ष आधीचा. कोअर मोजून प्रवेश नाही, जन्मसाल बघून आहे.

---

टवाळ (५ ऑक्टोबर)

म्हणजे पहिलीच्या प्रवेशासारखंच.

---

कृष्णाकाठ (६ ऑक्टोबर)

सर्किटभाऊ, सांगितलंत तसं केलं. काल एक गिऱ्हाईक बसलेलं असतानाच आकडे लिहिले. त्याला वाटलं बिल करतोय, तो जरा सावध झाला.

१. फोटोशॉपमध्ये अल्बम, मागे रेंडर : सीपीयू ९६ ते १००. मेमरी १५.२ जीबी वापरात, कमिटेड ३१. हार्डडिस्क सतत १०० टक्के, एसएसडी १५-२०.
२. रेंडर बंद, फक्त अल्बम : सीपीयू ३० च्या आत. मेमरी तेवढीच. हार्डडिस्क तरीही १००. फोटो तरीही अडकतो!
३. फक्त प्रीमियर, नुसती टाइमलाइन प्ले : सीपीयू १००, क्लिप अडखळत चालते. पण हे सगळ्या क्लिपना होत नाही. मागच्या वर्षीचं एक लग्न उघडलं तर ते मस्त पळालं.

तिसऱ्याने चक्रावलो. मशीन तेच, सॉफ्टवेअर तेच.

---

सर्किटभाऊ (६ ऑक्टोबर)

बिल करतोय असं वाटलं :D

तुमचा एक आजार नाही, तीन आहेत. दुकानदार तिन्हींवर एकच गोळी देतोय.

दुसरा आकडा आधी घेऊ. रेंडर बंद, सीपीयू रिकामा, तरी फोटो अडकतो. म्हणजे तिथे प्रोसेसरची तुम्ही वाट बघतच नाही, प्रोसेसरच हार्डडिस्कची वाट बघतोय. कमिटेड ३१ म्हणजे प्रोग्रामांनी मिळून ३१ जीबीची मागणी लावली आहे आणि रॅम आहे १६. उरलेलं डिस्कवर जातं. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेस, त्यात स्क्रॅच डिस्क्स (रॅम पुरली नाही की फोटोशॉप तात्पुरतं सामान ठेवतं ती डिस्क) बघा. तिथे डी ड्राइव्हवर, म्हणजे हार्डडिस्कवर, टिक असणार, पैज लावतो.

अल्बमची शीट केवढी करता?

---

कृष्णाकाठ (६ ऑक्टोबर)

पैज जिंकलात. डी वरच टिक आहे. २०१९ मध्ये मशीन जोडून देणाऱ्याने "सी भरायला नको" म्हणून करून दिलं होतं, मी आजतागायत तिकडे बघितलं नाही.

शीट १२ बाय ३६, ३०० डीपीआय. एका अल्बमला साधारण ३० ते ४० शीट. दहाबारा एकदम उघड्या ठेवतो, मागेपुढे करावं लागतं.

---

सर्किटभाऊ (६ ऑक्टोबर)

मग हिशोब करा. ३६ इंच म्हणजे १०,८०० पिक्सेल, १२ इंच म्हणजे ३,६००. गुणाकार केला की जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर शीटभर पसरलेला एक लेअर ११७ एमबीच्या आसपास. पार्श्वभूमी, फुलांची चौकट, मोठा फोटो असे पाचसहा लेअर आणि अशा बारा शीट, वर हिस्टरी. १६ जीबी कुठे गेली ते आता तुम्हीच सांगा.

आजच्या आज, फुकटात करायचं :

स्क्रॅच डिस्क एसएसडीवर आणा. तिथे ८०-१०० जीबी मोकळी हवी, नसेल तर जुनी लग्नं बाहेरच्या डिस्कवर हलवा.

मीडिया एन्कोडर चालू असताना टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जाऊन त्याची प्रायॉरिटी बिलो नॉर्मल करा. रेंडरला जरा जास्त वेळ लागेल, पण तुमच्या हाताखालच्या फोटोशॉपला आधी वाट मिळेल. गिऱ्हाईक रेंडर बघत नाही, माउस बघतं.

आणि टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर स्पीड किती आहे तो सांगा.

---

म्हापसेकर (६ ऑक्टोबर)

रॅम म्हणजे ओटा, कोअर म्हणजे शेगड्या. तुमच्याकडे कांदा चिरायला ओट्यावर जागा नाही आणि दुकानदार आठ शेगड्यांचा गॅस विकतोय.

---

टवाळ (६ ऑक्टोबर)

आणि हार्डडिस्क म्हणजे माळ्यावरचं पातेलं. दर वेळी स्टूल लावायचं.

---

कृष्णाकाठ (६ ऑक्टोबर)

स्पीड २४०० दाखवतोय. रॅमच्या पट्टीवर मात्र ३२०० लिहिलंय!

---

सर्किटभाऊ (७ ऑक्टोबर)

सहा वर्षं तुम्ही तिसऱ्या गियरमध्ये गाडी चालवताय. बायोसमध्ये (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवायचं एक्सएमपी नावाचं प्रोफाइल असतं, ते चालू करा. २६०० अधिकृतपणे २९३३ पर्यंतच सांगतो. ३२०० ला कुरकुर केली तर २९३३ वर ठेवा. रायझनमध्ये आतले भाग एकमेकांशी ज्या वेगाने बोलतात तो वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला आहे, म्हणून फरक जाणवतो.

---

भडकमकर_मार्ग (७ ऑक्टोबर)

मुंबईत सुटे भाग विकण्यात वीस वर्षं गेली (लॅमिंग्टन रोडचं खरं नाव म्हणजे माझा आयडी, कुणी विचारायच्या आत सांगतो). दुकानदाराच्या बाजूने दोन शब्द. सुटा भाग विकून आम्हाला काही उरत नाही, आणि "सर, तुम्ही रॅम बदलली तेव्हापासून प्रिंटर चालत नाही" असे फोन वर्षभर येतात. म्हणून पूर्ण मशीन सांगायची सवय लागते. लबाडी प्रत्येक वेळी नसते.

तरी या केसमध्ये मी पूर्ण मशीन सांगितलं नसतं. एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) २०१७ च्या रायझनपासून चालत आलाय. तुमच्या बी४५० वर बायोस अपडेट करून रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर बसेल. ८ कोअर, १६ थ्रेड आणि टीडीपी (उष्णता-विजेचा आकडा) तुमच्या २६०० इतकाच, ६५ वॉट, त्यामुळे एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलायची गरज नाही. डब्यात कूलर मात्र येत नाही, तो धरून हिशोब करा. बोर्ड तोच, रॅम तीच.

उलट एएम५ या नव्या सॉकेटला गेलात की डीडीआर५ रॅमशिवाय पर्याय नाही. जुनी रॅम कपाटात. आणि रॅमचे भाव आत्ता ज्या बाजूने निघालेत ते बघता, घ्यायची असेल तर या आठवड्यात घ्या. एआयवाल्यांची डेटा सेंटरं सगळी मेमरी ओढतायत.

---

नवंकोरं (७ ऑक्टोबर)

असहमत. मेलेल्या सॉकेटवर पैसे का घालायचे? एएम४ चा रस्ता ५००० मालिकेला संपला. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय. एकदाच खर्च करा, पाच वर्षं बघू नका. व्यवसाय आहे हा, हौस नाही.

---

मुग्धा_के (७ ऑक्टोबर)

@नवंकोरं, "पुढे प्रोसेसर टाकता येईल" म्हणून महागडा बोर्ड घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. प्रत्यक्षात टाकणारे हाताच्या बोटांवर. कृष्णाकाठ यांच्याकडे ती संधी आयती बोर्डावर पडलीय, ती सोडून नव्या संधीसाठी साठ हजार भरायचे?

माझं गणित सोपं होतं. मी आठवडाभर बिल्डची (कोडचं अ‍ॅप तयार होण्याची) वाट बघण्यातले मिनिट मोजले, रोजचे ४० निघाले. त्यातले किती प्रोसेसरमुळे, ते बघितलं आणि मगच घेतला. तो काळ मी चहा पिण्यात घालवत होते हे वेगळं.

---

कृष्णाकाठ (७ ऑक्टोबर)

स्क्रॅच एसएसडीवर आणली, एक्सएमपी लावलं (२९३३ वर स्थिर आहे), प्रायॉरिटी खाली केली. एक रुपया न घालवता फोटो हाताबरोबर सरकतो. बारा शीट उघडल्या की अजून धापा टाकतो, पण सहा शीटवर काही त्रास नाही. सर्किटभाऊ, सांगलीला आलात की भडंग माझ्याकडून.

पण तिसरा प्रश्न राहिला. मागच्या वर्षीचं लग्न पळतं आणि या वर्षीचं का रांगतं?

---

सर्किटभाऊ (७ ऑक्टोबर)

कॅमेरा कधी बदललात?

---

कृष्णाकाठ (७ ऑक्टोबर)

मे महिन्यात. तुम्हाला कसं कळलं??

---

सर्किटभाऊ (८ ऑक्टोबर)

नवीन बॉडीत व्हिडिओ ४:२:२ १०-बिट (रंगांची जास्त माहिती साठवणारा प्रकार), एच.२६५ (व्हिडिओ दाबून बांधायची पद्धत) वर ठेवला असणार. यूट्यूबवर प्रत्येक जण तेच सांगतो, रंग चांगले मिळतात म्हणून, आणि ते खरंही आहे. फाइल लहान असते पण घट्ट बांधलेली असते, प्ले करताना प्रत्येक फ्रेम सोडवावी लागते. साधं ४:२:० असलं तर ते काम तुमचं ग्राफिक्स कार्ड परस्पर करतं. ४:२:२ ला जीटीएक्स १६५० हात लावत नाही. एनव्हिडियाने ते थेट आरटीएक्स ५० मालिकेत आणलं. मग सगळं ओझं बिचाऱ्या २६०० वर.

म्हणजे तुमचा प्रोसेसर म्हातारा झाला नाही, मे महिन्यात त्याचं काम बदललं.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स हे एच.२६५ ४:२:२ सोडवतं, क्विक सिंक म्हणतात त्याला. म्हणून उद्या पूर्ण मशीन बदलायची वेळ आलीच, तर व्हिडिओवाल्यांनी इंटेलचा विचार जरूर करावा. फक्त नावाच्या शेवटी "एफ" असलेला स्वस्त बघून उचलू नका, त्यात ते ग्राफिक्सच नसतं. तेराव्या-चौदाव्या पिढीचा सेकंडहँड घेताना बायोस अद्ययावत आहे का तेही बघा. व्होल्टेजमुळे त्यातले काही प्रोसेसर हळूहळू अस्थिर होत होते, इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला.

तोवर प्रॉक्सी करा. रात्री दुकान बंद करताना सगळ्या क्लिपच्या हलक्या प्रती बनवायला लावायच्या, सकाळी त्यावर एडिट करायचं, शेवटचा रेंडर मूळ फायलींवरून आपोआप होतो. १०८० चं प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला ताशी साधारण १७ जीबी खातं. जागा बघून ठेवा.

---

नवंकोरं (८ ऑक्टोबर)

बरं, हे मला माहीत नव्हतं. मी गेमिंगच्या चष्म्यातून बघत होतो. ५७००एक्सला विरोध मागे.

---

टवाळ (८ ऑक्टोबर)

ऐतिहासिक क्षण. धाग्यावर मत बदललं. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

---

मुग्धा_के (९ ऑक्टोबर)

५७००एक्स घेतलात तर माझा अनुभव वाचून घ्या, नाहीतर रडाल.

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, बोर्डाला नाही. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट सुकून गोंदासारखी होते. मी मशीन थंडगार असताना कूलरचे स्क्रू काढले आणि सरळ वर खेचला. "टक्" असा आवाज आला. लिव्हर बंदच होती आणि प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर! उलटा करून बघितला तर कडेच्या पाच पिना केसांच्या बटेसारख्या एका बाजूला निजलेल्या. रात्री साडेअकराला टेबललॅम्पखाली अर्ध्या मिलिमीटरची शिसपेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं आणि ती पोकळ नळी एकेका पिनेवर चढवून इतकी हळू उभी केली की श्वास धरल्याने छाती दुखली. चार सहज आल्या. पाचवीला पाऊण तास. नशीब, चालला.

तर : आधी पंधरा मिनिटं रेंडर लावून गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे पिळा, पिळा, आणि सुटला असं वाटल्यावरच उचला.

दुसरं, बायोस अपडेट जुना प्रोसेसर आत असतानाच करायचा आणि यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्ड पेपरवेट.

तिसरं, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. प्रोसेसर बदलला की त्यातला टीपीएमही (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग) बदलतो, मशीन चालू होताना तो रीसेट करू का विचारतं, आणि मग विंडोज ती ४८ आकडी की मागतं.

---

आजोबा४७९० (९ ऑक्टोबर)

हे वाचून माझा ४७९० बदलायची उरलीसुरली इच्छाही गेली.

---

भडकमकर_मार्ग (९ ऑक्टोबर)

काका, तुमच्यात पिना बोर्डाला आहेत. निर्धास्त राहा.

आणि मुग्धाताईंच्या यादीत एक भर. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर सपोर्ट लिस्टमध्ये ५७००एक्स आहे आणि कोणत्या बायोसपासून, ते आधी बघा. काही बी४५० बोर्डांची बायोसची चिप लहान असते. नव्यांना जागा करायला जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकतात, मग परतीची वाट बंद.

---

कृष्णाकाठ (२८ डिसेंबर २०२५)

धागा वर काढतोय. पौष लागला, मुहूर्त थांबले, आता हात मोकळा झाला.

रॅम दिवाळीच्या आधी घेतली, १६ च्या दोन पट्ट्या, डीडीआर४. भडकमकर, तुमचं ऐकलं ते बरं केलं. परवा सहज भाव विचारला तर त्याच पट्ट्यांचा दुप्पट सांगितला. जुन्या दोन काढून ठेवल्या, एकूण ३२. बारा शीट उघड्या ठेवून कमिटेड ३० च्या आसपास असतं, हार्डडिस्क शांत. अख्खा सीझन २६०० वरच काढला. प्रॉक्सी रात्री लावायचो. एकदा रात्री वीज गेली आणि सकाळी अर्ध्याच प्रॉक्सी झालेल्या, तो दिवस वाया गेला. बाकी निभावलं.

सीझनभर वहीत आकडे लिहीत होतो. रॅम वाढल्यावर उरलं ते खरंच प्रोसेसरचं दुखणं होतं : रेंडर चालू असताना प्रीमियरमध्ये दुसरं काम करताच येईना, बाराही थ्रेड छताला. असे दिवसाचे दोन-अडीच तास जायचे. म्हणून गेल्या आठवड्यात ५७००एक्स घातला, कूलरसकट. मशीन गरम केलं, पिळलं, पिळलं, सुटलं. बायको शेजारी टॉर्च धरून उभी होती, ती म्हणाली एवढ्या काळजीने तुम्ही मुलाला पाळण्यातून उचललं नव्हतं. टीपीएमचा प्रश्न आला, की लिहून ठेवली होती.

एका तासाच्या फिल्मला २ तास ५० मिनिटं लागायची, ती आता दीड तासाच्या आसपास होते. ४:२:२ ची एक क्लिप सरळ चालते, पण तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की अजून अडखळतं. प्रॉक्सी सुटली नाही. फोटोशॉपमध्ये थोडा फरक आहे, डोळ्यात भरावा असा नाही. कूलर धरून सगळा खर्च दुकानदाराच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी झाला.

---

टवाळ (२८ डिसेंबर)

नवरीचे वडील काय म्हणतात?

---

कृष्णाकाठ (२८ डिसेंबर)

ते आता म्हणतात फोटो परत उजवीकडे घ्या.

---

छापखाना (२९ डिसेंबर)

अभिनंदन. एक विचारतो, तुमचा तो २६०० कुठे आहे? माझा बोर्डही एएम४ आहे, बी३५०. कंपनीच्या यादीत २६०० दिसतोय, माझा आत्ताचा बायोस त्याला लागणाऱ्याहून नवाच आहे. म्हणजे तो बसला तर माझं विंडोज ११ चं अडलेलं काम त्यावर भागेल.

---

कृष्णाकाठ (२९ डिसेंबर)

मेमरी कार्डाच्या डबीत ठेवलाय, पिना वर करून. सगळ्या सरळ आहेत. बायोस मात्र आत्ताच, तुमचा १६०० आत असतानाच तपासून घ्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, पत्ता पाठवा.